बिटकॉइनचा प्रचार करताय? मग आधी वॉलेट पुसून दाखवा

बिटकॉइनबद्दल चार माणसांना सांगायला निघालेला उत्साही माणूस बहुतेक वेळा एकाच ठिकाणी घसरतो. पहिल्या पाच मिनिटांत तो भावाचा आलेख उघडतो. त्यानंतर तो काहीही बोलला तरी समोरच्याच्या डोक्यात एकच प्रश्न फिरत असतो, ‘आत्ता घेऊ की थांबू?’ माणसं घाईने एखाद्या एक्सचेंजवर (नाणी घ्यायच्या-विकायच्या ऑनलाइन बाजारात) खातं काढतात आणि थोडं विकत घेऊन तिथेच ठेवतात. वॉलेट, म्हणजे नाण्यांच्या किल्ल्या सांभाळणारं ॲप, ज्या शब्दांवरून परत उभं करता येतं ते सीड म्हणजे काय, हे त्यांना कधीच कळत नाही. भाव पडला की फोन तुम्हाला येतो. भाव चढला तर येत नाही, हेही लक्षात असू द्या.

मी स्वतः सुरुवातीच्या बऱ्याच बैठका अशाच वाया घालवल्या. क्रम चुकीचा होता. खाली दिलेला क्रम त्या चुकांमधूनच आलाय, आणि तो पाळला तर बैठकीला आलेला माणूस घरी जाताना निदान एक गोष्ट स्वतःच्या हाताने करून जातो. हा लेख कोणी विकत घ्यावं की नाही यासाठी नाही. चार जणांना शिकवायचं ठरवलेल्यांसाठी आहे.

टप्पा १: आधी स्वतःची महिनाभर तालीम

ज्याने स्वतःचं वॉलेट कधी पुसून परत उभं केलेलं नाही, त्याने दुसऱ्याला शिकवू नये. हे कठोर वाटेल, पण इथे चुकीची भरपाई करून देणारं कुणी नसतं. म्हणून बैठक ठरवण्याआधी किमान महिनाभर पुढची कामं स्वतः करा, अगदी छोट्या रकमेवर:

– नवं वॉलेट तयार करा, सीडचे १२ शब्द कागदावर लिहा, थोडी रक्कम मागवा.
– ॲप पुसून टाका आणि कागदावरून परत उभं करा. मग तेच दुसऱ्या फोनवर, दुसऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये करून पाहा.
– मुद्दाम कमी फी लावून एक व्यवहार पाठवा. तो अडकला की फी वाढवून सोडवा. एकदा तरी हे घडू द्याच, कारण बैठकीत ते हमखास विचारलं जातं.
– ब्लॉक एक्सप्लोररवर (सगळे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) स्वतःचा व्यवहार शोधा आणि त्यात ‘उरलेले सुटे’ वेगळ्या पत्त्यावर परत आलेले ओळखा. नवख्यांना तिथे पैसे चोरीला गेल्यासारखं वाटतं.
– जमलं तर नोड, म्हणजे सगळे व्यवहार स्वतः तपासणारा संगणक, चालवा. संपूर्ण साखळी (आजवरच्या सगळ्या व्यवहारांची नोंद) आता ६०० जीबीच्या वर गेलीय, पण जुना भाग छाटून कमी जागेतही नोड चालतो.

तपासणी: ‘ब्लॉकचेन’ हा शब्द न वापरता या प्रश्नांची उत्तरं देता येतात का? पाठवलेले पैसे परत येतात का? फोन हरवला तर? फी कोणाला जाते? नवा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, दर दहा मिनिटांनीच का? नियम कोण बदलू शकतं? एखाद्या प्रश्नाला अडखळलात तर तो विषय परत वाचा. मला सगळ्यात जास्त फीच्या प्रश्नाने छळलं. फी रकमेवर ठरत नाही, व्यवहार ब्लॉकमध्ये किती जागा खातो त्यावर ठरते, ही गोष्ट आपल्याला पाठ असते. पण समोरच्याला ती एका वाक्यात पटवता येत नाही. शेवटी मी सामान पाठवण्याचं उदाहरण धरलं: खोका केवढा आहे ते बघून भाडं लागतं, आत सोनं आहे की वर्तमानपत्र ते कोणी बघत नाही.

टप्पा २: काय करणार नाही, ते आधी लिहून काढा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. एका कागदावर पाच ओळी लिहा आणि त्या बैठकीच्या सुरुवातीला मोठ्याने वाचा.

१. मी कोणासाठी विकत घेणार नाही, कोणाचं विकून देणार नाही.
२. कोणाचंही नाणं स्वतःकडे सांभाळायला घेणार नाही, एका रात्रीपुरतंही नाही.
३. मला कमिशन मिळेल अशी कुठलीही लिंक देणार नाही.
४. भाव कुठे जाईल यावर बोलणार नाही.
५. माझ्याकडे बिटकॉइन आहेत. म्हणजे भाव वाढला तर माझा फायदा आहे, हे धरून माझं ऐका.

पाचवी ओळ वाचताना थोडं अवघड वाटतं. पण ती वाचली की समोरची माणसं खरे प्रश्न विचारायला लागतात, हा माझा अनुभव आहे.

पहिल्या दोन ओळी केवळ सभ्यपणासाठी नाहीत. दुसऱ्यांसाठी नियमितपणे खरेदी-विक्री करणं किंवा त्यांची नाणी सांभाळणं याला बऱ्याच देशांत परवाना किंवा नोंदणी लागते. कर, नोंदी, जाहिरातीवरचे नियम देशागणिक वेगळे असतात आणि बदलतही राहतात. एल साल्वाडोरने ७ सप्टेंबर २०२१ पासून बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं, आणि २०२५ च्या जानेवारीत कायदा बदलून ते स्वीकारणं ऐच्छिक केलं. एकाच देशात चार वर्षांत इतका फरक पडतो. म्हणून आपल्या देशाचा आजचा नियम बैठकीच्या आठवड्यात परत बघा. गेल्या वर्षीच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

सावधान: कर्जात असलेला, नोकरी गेलेला किंवा ‘पटकन दुप्पट’ शोधत आलेला माणूस बैठकीत दिसला तर त्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांगा की हे तुमच्यासाठी आत्ता नाही. एक श्रोता गेला तरी चालेल.

टप्पा ३: साहित्य, आणि फुकट वाटपाचा हिशेब

लागणारं सामान थोडंच: जाड कागदाची कार्डं (१ ते १२ आकडे छापलेली), पेन्सिली, दोन रिकामे जुने फोन, चार्जर, आणि इंटरनेट दगा देईल हे गृहीत धरून दुसऱ्या कंपनीचं हॉटस्पॉट. वॉलेट ॲप एकच निवडा, सगळ्यांसाठी तेच. त्याचा कोड खुला असावा आणि सीड स्वतः माणसाच्या हातात देणारं असावं. ॲप स्टोअरमध्ये नाव शोधून घ्यायला सांगू नका, कारण हुबेहूब नावाची नकली ॲप तिथे येत असतात. ॲप बनवणाऱ्यांच्या मूळ संकेतस्थळावरून दुवा घ्या, त्याचा क्यूआर कोड छापा आणि बैठकीच्या दिवशी सकाळी तो परत एकदा उघडून बघा.

आता वाटप. २०१० साली बिटकॉइनचे सुरुवातीचे एक विकासक गॅव्हिन अँड्रेसन यांनी एक संकेतस्थळ काढलं होतं, तिथे येणाऱ्याला ५ बिटकॉइन फुकट मिळत. तेव्हा ते चाललं. आज लोक त्याचीच छोटी नक्कल करतात आणि फसतात. एका स्वयंसेवकाने मोठ्या मनाने प्रत्येकाला १,००० सातोशी थेट साखळीवर पाठवले. एक सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग. आता हिशेब करा: आजच्या पद्धतीच्या पत्त्यावरचा साधा व्यवहार, एक रक्कम आत आणि एक बाहेर, साधारण ११० व्हर्च्युअल बाइट (ब्लॉकमधली जागा मोजायचं एकक) जागा घेतो. फीचा दर बाइटमागे १० सातोशी असेल तर पाठवायलाच १,१०० सातोशी लागतात. म्हणजे भेट १,००० ची आणि ती खर्च करायचा खर्च १,१०० चा. माणसं घरी जाऊन प्रयत्न करतात, ॲप नकार देतं, आणि ‘हे काही चालत नाही’ असा समज पक्का होतो.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला, सरावाचं जाळं, म्हणजे टेस्टनेट. तिथल्या नाण्यांना किंमत नसते, चुकलं तरी हरकत नाही, आणि सगळी बटणं तीच असतात. दुसरा, लाइटनिंग, म्हणजे बिटकॉइनवरच उभं केलेलं झटपट देण्याघेण्याचं जाळं. छोट्या रकमा त्यावर सेकंदांत जातात. पण एक गोष्ट लपवू नका: सोपी वाटणारी बरीच लाइटनिंग वॉलेट तुमचे पैसे स्वतःकडे ठेवतात, आणि किल्ली स्वतःच्या हातात देणाऱ्यांमध्ये चॅनेल (दोघांमधला देण्याघेण्याचा मार्ग) उघडायचा खर्च येतो. मी पहिली बैठक टेस्टनेटवर घेतो आणि लाइटनिंग दुसऱ्या बैठकीला ठेवतो. काही जणांना खोटी नाणी मिळाल्याचा राग येतो. येऊ दे.

तपासणी: बैठकीच्या आदल्या दिवशी टेस्टनेटची नाणी हातात आहेत ना? ती फुकट देणारी संकेतस्थळं ऐनवेळी कोरडी पडतात.

टप्पा ४: बैठक

आठ-दहा माणसं, तुमच्याशिवाय दोन मदतनीस, दीड तास. याहून मोठी गर्दी घेऊ नका. तीस माणसांत शेवटच्या रांगेतला माणूस तिसऱ्या शब्दावर अडलेला असतो आणि तुम्हाला ते कळतही नाही.

क्रम असा ठेवा. आधी पाच ओळींचा कागद वाचायचा. लगेच ॲप उतरवायचं आणि वॉलेट तयार करायचं, समजावत बसायचं नाही. शब्द कागदावर लिहायचे. मग प्रत्येकाला नाणी पाठवायची आणि त्यांनी ती शेजाऱ्याला पाठवायची. हे झाल्यावर, आणि झाल्यावरच, आत काय घडलं ते वीस मिनिटं सांगायचं: व्यवहार नोडकडे जातो, मायनर (नवे ब्लॉक तयार करणारा) तो ब्लॉकमध्ये घेतो, ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो, दर २,०१६ ब्लॉकांनी ब्लॉक बनवण्याचं काठिण्य जुळवून घेतलं जातं, एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाहीत. हाताने केलेलं असलं की हे वीस मिनिटांत समजतं. हेच आधी सांगितलं तर तासभर लागतो आणि तरी डोक्यावरून जातं.

त्यानंतर मुख्य काम: सगळ्यांनी ॲप पुसायचं.

इथे खोलीत शांतता पसरते. माणसं खरंच पुसायला तयार होत नाहीत, खोटी नाणी असली तरी. मी आधी माझ्या फोनवरचं पुसून दाखवतो. मग एकेक जण पुसतो, परत उतरवतो, कागद समोर धरतो आणि शब्द भरायला लागतो.

एका बैठकीत एका ताईंचं वॉलेट नीट उघडलं, कुठलीही तक्रार न करता, आणि आत शिल्लक शून्य. त्यांचा चेहरा उतरला. मदतनीस म्हणाला, इंटरनेट हळू असेल, थांबू. दहा मिनिटं थांबलो. काही नाही. शेवटी मी त्यांना म्हटलं, कागद मला दाखवू नका, तुम्हीच प्रत्येक शब्दाचं चौथं अक्षर परत बघा. सातव्या शब्दावर त्या थांबल्या. त्यांनी घाईत काढलेलं इंग्रजी ‘डी’ अक्षर ‘सी’सारखं दिसत होतं. मूळ शब्द होता ‘प्राइड’, त्यांनी वाचला ‘प्राइस’. दोन्ही शब्द यादीत आहेत.

हे का घडलं ते मी तेव्हापासून प्रत्येक बैठकीत सांगतो. सीडचे शब्द २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात आणि त्या यादीतल्या प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं वेगळी असतात. शेवटच्या शब्दात एक छोटी तपासणीही दडलेली असते, त्यामुळे चुकीचा शब्द भरला तर ॲप बहुतेक वेळा नकार देतं. पण बहुतेक वेळाच. १२ शब्दांच्या सीडमध्ये ही तपासणी फक्त ४ बिटांची असते, म्हणजे यादीतला चुकीचा शब्द सोळापैकी एका खेपेला निसटतो आणि भलतंच, रिकामं वॉलेट उघडतं. २४ शब्दांत हेच प्रमाण २५६ मध्ये एक. ताईंची ती एक खेप होती. खऱ्या नाण्यांवर, दोन वर्षांनी, एकटीने घरी बसून हे घडलं असतं तर त्यांनी चोरी झाली असंच समजलं असतं.

म्हणून नियम: शब्द सुट्या, छापील वळणाच्या अक्षरांत लिहायचे. लिहून झाल्यावर ॲपमधून एकेक शब्द पुन्हा वाचून टिक करायची. आणि पुसून परत उभं केल्याशिवाय त्या वॉलेटमध्ये खरी रक्कम टाकायची नाही.

सावधान: कागदाचा फोटो काढायला हात फोनकडे जातोच. थांबवा. तो फोटो नकळत ऑनलाइन साठवणीत जातो आणि तिथून कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. मदतनिसांनी कुणाच्या कागदावर नजरही टाकायची नाही, समोरचा स्वतःहून दाखवत असला तरी. प्रोजेक्टरवर स्वतःचं सरावाचं सीडही दाखवू नका, कारण नवख्याला ‘सीड पडद्यावर दाखवलं तरी चालतं’ असा धडा मिळतो.

आणखी एक: सरावाचा कागद बैठक संपताना फाडून टाकायला लावा. घरी जाऊन खरं वॉलेट नव्या शब्दांवर करायचं. दहा माणसांच्या खोलीत जन्मलेलं सीड खऱ्या पैशांना वापरू नये.

टप्पा ५: चूक मुद्दाम करून दाखवा

वेळ उरला तर (पहिल्या बैठकीत उरत नाही, दुसरीत करा) दोन चुका सगळ्यांसमोर घडवा.

पहिली, कमी फीचा अडकलेला व्यवहार. तो हरवलेला नसतो, रांगेत असतो. फी वाढवायचं बटण कुठे आहे ते दाखवा आणि ‘अडकलेला व्यवहार सोडवून देतो’ म्हणणाऱ्या कुणालाही सीडचे शब्द द्यायचे नाहीत हे सांगा.

दुसरी, पत्त्याची गल्लत. बिटकॉइनचे पत्ते १ किंवा ३ या अंकाने, नाहीतर ‘बीसी१’ने सुरू होतात. पूर्वी लाइटकॉइन या वेगळ्या नाण्याचेही काही पत्ते ३ ने सुरू होत, आणि बिटकॉइनमधून फुटलेल्या बिटकॉइन कॅशचे जुन्या पद्धतीचे पत्ते तर बिटकॉइनसारखेच दिसतात. शिवाय डॉलरला बांधलेली नाणी एकाच नावाने अनेक साखळ्यांवर फिरतात, आणि चुकीची साखळी निवडली की रक्कम भलत्याच जागी जाते. त्यामुळे सवय अशी लावा: चिकटवलेल्या पत्त्याची पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं जुळवायची. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे विषाणू असतात. मोठी रक्कम असेल तर आधी चिमूटभर पाठवायची, पोहोचल्याचं समोरच्याकडून ऐकायचं, मग बाकीची.

टप्पा ६: विक्रेत्यांकडे जाताना स्टिकर शेवटी

‘इथे बिटकॉइन चालतं’ असं स्टिकर लावून फोटो काढला की प्रचारकाचं काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. मग खरंच कोणी पैसे द्यायला येतो, आणि गल्ल्यावरचा मुलगा म्हणतो, ‘ते साहेबांनाच माहीत, ते आता नाहीत.’ हे मी स्वतः ग्राहक म्हणून ऐकलंय. मागे रांग होती. रोख पैसे देऊन निघालो, आणि मालकाला सहा महिन्यांपूर्वी पटवणारा मीच होतो.

क्रम असा असावा:

मालकाने आधी टप्पा ४ पूर्ण करायचा. सूट नाही. त्यानंतर गल्ल्यासाठी वेगळी सोय करायची: फक्त बघता येईल आणि पैसे घेता येतील असं वॉलेट. मालकाच्या वॉलेटची सार्वजनिक विस्तारित किल्ली गल्ल्यावरच्या फोनमध्ये टाकली की दर वेळी नवा पत्ता तयार होतो, पण तिथून खर्च करता येत नाही. ती किल्लीही जपायची, कारण तिच्यावरून सगळी जमा-खर्चाची हकीकत वाचता येते.

मग चार गोष्टी मालकाकडून ठरवून घ्या. किंमत नेहमीच्या चलनात लावायची आणि देतेवेळी त्या क्षणीच्या दराने बदलायची. किती पुष्टी (व्यवहाराच्या ब्लॉकपासून पुढे जोडले गेलेले ब्लॉक) मिळाल्यावर व्यवहार पक्का धरायचा? छोट्या रकमेला एक पुरते, मोठ्या रकमेला सहा धरण्याची रूढ पद्धत आहे, म्हणजे साधारण तासभर. परतावा द्यायची वेळ आली तर नाण्यांत द्यायचा की चलनात? आणि दिवसअखेरीस हिशेबाच्या वहीत ही रक्कम कोणत्या दराने लिहायची? चौथा प्रश्न विचारला की निम्मे मालक म्हणतात, जरा हिशेबनिसाला विचारतो. विचारू द्या. तो प्रश्न नंतर निघाला तर भांडणच होतं.

लाइटनिंग घेणार असतील तर आणखी एक खड्डा आहे. नव्या चॅनेलमध्ये पैसे *यायला* जागा असेलच असं नाही. पाठवता येतं, घेता येत नाही, आणि विक्रेत्याला नेमकं उलट हवं असतं. आत येण्याची क्षमता आधी घेऊन ठेवा.

तपासणी: गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाने तुमच्याकडून एक खरं छोटं पेमेंट घेतलं का, मालक नसताना? घेतलं असेल तर स्टिकर लावा. तीन महिन्यांनी पुन्हा जा. एकही व्यवहार झाला नसेल तर स्टिकर स्वतः काढून आणा.

टप्पा ७: प्रतिस्पर्धी नाण्यांबद्दल बोलताना

दुसरं नाणं धरून बसलेला एक तरी माणूस प्रत्येक बैठकीत असतो. इथे प्रचारक चिडतात, ‘बाकी सगळा कचरा आहे’ म्हणतात, आणि बैठकीचा उरलेला वेळ वादात जातो. तसं म्हणणं खरंही नाही. लाइटकॉइनचा ब्लॉक अडीच मिनिटांनी येतो आणि ते २०११ पासून चालू आहे. थट्टेतून जन्मलेल्या डोजकॉइनच्या लोकांनी २०१४ च्या सोची ऑलिंपिकसाठी जमैकाच्या बॉबस्लेड संघाला पैसे उभे करून दिले. लोकांना एकत्र आणायचं कसब त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. कोणी कोणाला किती दिले हे झाकण्यात मोनेरो बिटकॉइनपेक्षा सरस आहे, हे मान्य करायला काही बिघडत नाही. नेमक्या त्याच कारणाने काही मोठ्या एक्सचेंजनी ते यादीतून काढलं, हेही त्याच दमात सांगा.

बाजू घेण्याऐवजी फळ्यावर प्रश्न लिहा आणि बिटकॉइनसकट प्रत्येक नाण्याला तेच लावा.

नवी नाणी कशी येतात, मर्यादा आहे का? बिटकॉइनला २ कोटी १० लाख, लाइटकॉइनला ८ कोटी ४० लाख. डोजकॉइनला मर्यादा नाही, मिनिटाला १०,००० येतात, वर्षाला ५०० कोटींच्या वर. मोनेरोत २०२२ पासून दर दोन मिनिटांच्या ब्लॉकला ०.६ नाणं कायम येत राहतं. मर्यादा नसणं हा दोषच, असं समजू नका. मायनरांना पुढे कोण पोसणार या प्रश्नाचं ते एक उत्तर आहे, आणि बिटकॉइनवाल्यांनी त्याचं उत्तर फक्त फीवर सोडलंय.

नियम कोण बदलतं? इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ ला मायनरांचं खाणकामच बंद करून दुसरी पद्धत स्वीकारली. बिटकॉइनमध्ये ब्लॉकच्या आकारावरून वर्षानुवर्षं भांडण झालं आणि १ ऑगस्ट २०१७ ला बिटकॉइन कॅश वेगळं झालं. एकाला पटापट बदलणं चांगलं वाटतं, दुसऱ्याला न बदलणं. तुम्ही निकाल देऊ नका.

सुरुवातीला कोणी किती स्वतःकडे ठेवलं? कोणी गोठवू शकतं का? डॉलरला बांधलेल्या मोठ्या नाण्यांची कंपनी एखाद्या पत्त्यावरची रक्कम गोठवू शकते आणि तसं केलंही आहे. मध्यवर्ती बँकेचं डिजिटल चलन तर विकेंद्रित नाहीच. त्याला या फळ्यावर वेगळ्या रकान्यात लिहा.

आणि शेवटचा, सगळ्यात उपयोगी प्रश्न: मी आलो तर पैसे कोणाला मिळतात? माणूस आणल्याबद्दल एकाखाली एक अशा साखळीने कमिशन मिळत असेल तर पुढे काही तपासायची गरज नाही. २०१८ च्या जानेवारीत गाशा गुंडाळणाऱ्या बिटकनेक्ट या नाण्याच्या योजनेत हेच होतं. वनकॉइनकडे तर खरी ब्लॉकचेनही नव्हती. तरी माणसं गेली, कारण बोलावणारा नात्यातला किंवा ओळखीचा होता. तुमच्या बैठकीची रचनाही बाहेरून तशीच दिसते, म्हणून टप्पा २ मधली तिसरी ओळ लक्षात ठेवा.

फुकट वाटून नाणं रुजत नाही हेही फळ्यावर यावं. २०१४ च्या मार्चमध्ये आइसलंडच्या नागरिकांना ऑरोराकॉइन वाटायला सुरुवात झाली. ज्यांनी घेतलं त्यांना ते कुठे वापरायचं कळेना, बऱ्याच जणांनी विकून टाकलं, भाव कोसळला.

दुसऱ्या नाण्याचा समर्थक फारच आग्रही असेल तर त्याला दहा मिनिटं द्या, अट एकच: त्यानेही आपलं वॉलेट पुसून परत उभं करून दाखवायचं.

टप्पा ८: बैठकीनंतरचा महिना

आठवड्याने एक निरोप पाठवा, त्यात दोनच प्रश्न: कागद कुठे ठेवलाय हे *मला न सांगता* स्वतःला आठवतंय का? खरं वॉलेट पुसून परत उभं केलं का? भावाबद्दल अवाक्षर नाही.

गट काढणार असाल तर तिथे ठग येणारच. नवा माणूस गटात प्रश्न विचारतो आणि दोन मिनिटांत त्याला ‘मदत केंद्रा’कडून खाजगी निरोप येतो. गटाच्या माथ्यावर कायम एक ओळ ठेवा: इथला कोणीही तुम्हाला आधी खाजगी निरोप पाठवणार नाही आणि सीड कधीच मागणार नाही.

हजेरीची वही ठेवू नका. कोणाकडे नाणी आहेत, त्यांचे फोन नंबर आणि पत्ते एका यादीत असणं म्हणजे चोराला तयार नकाशा. यश मोजायचं असेल तर एवढंच मोजा की किती जणांनी तुमच्या मदतीशिवाय दुसरं पेमेंट केलं. हा आकडा लहान येतो. माझ्याकडे दहातले तीन आले की मी खूश असतो.

भाव चढत असताना बैठकीला झुंबड उडते. तेव्हा जागा वाढवू नका. उलट त्या काळात पहिली बैठक फक्त टेस्टनेटवर घ्या आणि खऱ्या नाण्यांची दुसरी बैठक तीन आठवड्यांनी ठेवा. घाईतले आपोआप गळतात.

टप्पा ९: बाहेर पडणाऱ्याला वाट दाखवा

काही जण महिन्या-दोन महिन्यांत म्हणतील, नको हे. मन वळवू नका. बाहेर पडायची पद्धतही तुम्हीच शिकवायची आहे, नाहीतर ती दुसरं कोणी तरी शिकवतं, फी घेऊन.

आधी थोडीच रक्कम विकून ती नेहमीच्या खात्यात आलेली बघायची. मग उरलेली. घेतलेला दर, विकलेला दर आणि तारखा करासाठी लिहून ठेवायच्या. वॉलेट रिकामं झालं की ॲप काढलं तरी चालतं, पण शब्दांचा कागद लगेच फाडायचा नाही. एखादा विक्रेता जुन्या पत्त्यावर परतावा पाठवतो, एखादा मित्र जुना क्यूआर कोड वापरतो, आणि नाणी त्या रिकाम्या समजलेल्या वॉलेटमध्ये येऊन पडतात. वर्षभर कागद ठेवा, मधे एकदा उभं करून शिल्लक बघा, आणि मग फाडा.